ट्रान्झिस्टरचं बायसिंग हाताने शिका: एक ब्रेडबोर्ड, नऊ व्होल्टची बॅटरी आणि तीन बीसी ५४७

डिप्लोमाला ट्रान्झिस्टरचं बायसिंग, म्हणजे सिग्नल नसताना तो किती उघडा राहावा हे ठरवणं आणि टिकवणं, शिकवलं जातं आणि परीक्षा संपली की त्याच्या पद्धतींबद्दल बहुतेकांच्या डोक्यात एवढंच उरतं: फिक्स्ड बायस वाईट, व्होल्टेज डिव्हायडर बायस चांगला. का, असं विचारलं की 'स्टेबिलिटी' हा शब्द येतो आणि गाडी तिथेच अडते. यात विद्यार्थ्यांचा दोष थोडा. प्रयोगशाळेतल्या किटवर सर्किट आधीच तयार असतं. पॅच कॉर्ड लावायच्या, रीडिंग घ्यायचं, जर्नलवर सही. ट्रान्झिस्टर पॅनेलच्या मागे सोल्डर केलेला असतो, तो काढून दुसरा लावून बघायची सोयच नसते. आणि बायसिंगमध्ये शिकायचं असतं ते नेमकं हेच, की ट्रान्झिस्टर बदलला तरी सर्किट बदलू नये म्हणून काय करावं लागतं.

म्हणून इथल्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगात एक काम पुन्हा पुन्हा करायचं आहे. ट्रान्झिस्टर उपटा, दुसरा लावा, कलेक्टरचं (बेस, कलेक्टर, एमिटर या त्याच्या तीन पायांपैकी एकाचं) व्होल्टेज बघा. ऑसिलोस्कोप लागणार नाही. साधा मल्टिमीटर आणि शेवटी आपले कान एवढ्यावर भागेल.

सामान

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ. इतर ठिकाणी टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग पुरवणारं दुकान शोधा, किंवा ऑनलाइन मागवा. ब्रेडबोर्ड, ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, एक लाल एलईडी, एक कंडेन्सर माइक, एक जुना इअरफोन (वायर कापायची तयारी ठेवा), सिंगल स्ट्रँड हुकअप वायर. पाव वॉटचे रेझिस्टर: ४७० ओहम, १के, ४.७के, १०के, ४७के, १००के, २७०के, ४७०के, ५६०के आणि १एम (के म्हणजे हजार ओहम, एम म्हणजे दहा लाख). किंमत नगण्य असते, त्यामुळे प्रत्येकी चार-पाच घ्या. शेवटच्या प्रयोगासाठी २.२के, १५के आणि ३९के. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १० आणि १०० मायक्रोफॅरडचे, तीन-तीन.

ट्रान्झिस्टर मात्र बघून घ्या. बीसी ५४७ हा एकच नंबर असला तरी त्यात गट असतात आणि नंबरापुढे ए, बी किंवा सी छापलेलं असतं. बेसमध्ये शिरलेल्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरमधून जातो, तो आकडा म्हणजे करंट गेन किंवा बीटा. ए गटाचा बीटा ११० ते २२०. बी गटाचा २०० ते ४५०. सी गटाचा ४२० ते ८००. एकाच नंबराच्या दोन ट्रान्झिस्टरमध्ये सातपट फरक असू शकतो, आणि तो दोष नाही. कंपनीच तेवढी मुभा ठेवून विकते. आपल्याला तिन्ही गटांतला किमान एकेक हवा. ए गट मिळाला नाही तर बीसी ५४६ ए घ्या, पाय तेच आहेत.

मल्टिमीटर साधा पिवळा, ८३० मॉडेलचा असला तरी चालेल. त्याच्या दोन मर्यादा लक्षात ठेवा. डीसी व्होल्ट मोजताना त्याचा स्वतःचा रोध सुमारे १ मेगओहम असतो आणि एसीची सर्वांत लहान रेंज २०० व्होल्टची असते. म्हणजे मिलिव्होल्टमधला आवाजाचा सिग्नल त्यावर दिसणार नाही.

आधी पाय ओळखा

बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुकानदाराने त्याऐवजी टूएन ३९०४ दिला तर क्रम नेमका उलटा: एमिटर, बेस, कलेक्टर. लिखित माहितीवर विसंबण्यापेक्षा मीटरने खात्री करा. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा, लाल प्रोब मधल्या पायावर टेकवा आणि काळा आलटून पालटून दोन्ही बाजूंना. दोन्हीकडे ०.६५ ते ०.७ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर मधला पाय बेस आणि ट्रान्झिस्टर एनपीएन (एनपीएन आणि पीएनपी या दोन प्रकारांपैकी आपल्याला हवा तो). दोन आकड्यांपैकी जो किंचित मोठा, तो बहुतेक वेळा एमिटरचा. फरक काही मिलिव्होल्टचाच असतो, पण दिसतो.

मग मीटरवरच्या एचएफई (बीटाचंच दुसरं नाव) सॉकेटमध्ये एनपीएनच्या बाजूला ट्रान्झिस्टर बसवून बीटा वाचा आणि प्रत्येकाला मार्करने किंवा रंगीत धाग्याने खूण करा. पुढचे सगळे आकडे मी १५०, ३०० आणि ५०० बीटाचे तीन ट्रान्झिस्टर आणि बरोबर ९ व्होल्टची बॅटरी धरून काढले आहेत. तुमचे वेगळे येतील. नवी बॅटरी साडेनऊ व्होल्टही दाखवते. तुमच्या आकड्यांनी गणित पुन्हा करा, शिकणं त्यातच आहे.

प्रयोग १: चालू, बंद आणि मधलं

बॅटरीच्या प्लसपासून ४७० ओहम, त्यापुढे एलईडी, एलईडीचा आखूड पाय कलेक्टरला, एमिटर मायनसला. बेसला १०के लावून त्याचं दुसरं टोक प्लसला. एलईडी लख्ख पेटेल. बेसमधून (९ − ०.७) भागिले १०के, म्हणजे ०.८३ मिलिअँपिअर जातो आणि कलेक्टरमधून सुमारे १५. कलेक्टर आणि एमिटरमध्ये मोजा: ०.१ व्होल्ट किंवा त्याहून कमी. ट्रान्झिस्टर पूर्ण उघडा आहे, म्हणजे सॅच्युरेशन.

आता १०के च्या जागी १एम लावा. बेसचा करंट ८.३ मायक्रोअँपिअरवर येतो. बीटा ३०० असेल तर कलेक्टरमधून २.५ मिलिअँपिअर. एलईडी मंद झाला आणि कलेक्टरवर आता पाच-सहा व्होल्ट आहेत. ट्रान्झिस्टर बदला: सी गटाचा जास्त उजेड देईल, ए गटाचा कमी. १०के असताना मात्र तिघेही सारखेच पेटत होते. स्विच म्हणून वापरताना बीटाची फिकीर करावी लागत नाही, मधल्या अवस्थेत ठेवायचं म्हटलं की ती लगेच डोकं वर काढते. अँम्प्लिफायर नेमका या मधल्या अवस्थेतच काम करतो.

तिथेच का, तर आवाजाचा सिग्नल शून्याच्या वर-खाली होत असतो आणि बेस ०.६ व्होल्टच्या खाली गेला की ट्रान्झिस्टर मिटतो. सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टर थोडा उघडा हवा. कलेक्टर प्लस आणि मायनसच्या साधारण मध्ये हवा, म्हणजे त्याला दोन्ही बाजूंना हलायला जागा मिळेल. या स्थिर अवस्थेला क्यू पॉइंट म्हणतात. तो ठरवणं आणि ठरवलेल्या जागी टिकवणं, याचं नाव बायसिंग. ठरवणं सोपं आहे. टिकवणं किती अवघड, ते आता बघू.

प्रयोग २: फिक्स्ड बायस

एलईडी काढा. कलेक्टरपासून प्लसला १के, बेसपासून प्लसला ५६०के, एमिटर थेट मायनसला. बेसचा करंट १४.८ मायक्रोअँपिअर. बीटा ३०० च्या ट्रान्झिस्टरमधून ४.४५ मिलिअँपिअर जातील, १के वर ४.४५ व्होल्ट पडतील आणि कलेक्टरवर ४.५५ राहतील. अगदी मध्यावर. कागदावर सर्किट उत्तम झालं.

आता तो ट्रान्झिस्टर काढून १५० बीटाचा लावा. कलेक्टर ६.८ व्होल्ट. ५०० चा लावा, १.६ व्होल्ट. सी गटातला ६०० च्या पुढचा सापडला तर कलेक्टर ०.१ वर चिकटलेला दिसेल, म्हणजे अँम्प्लिफायर नाही, नुसता चालू स्विच. रेझिस्टर तेच, बॅटरी तीच. अशी शंभर सर्किटं कारखान्यात बनवायची तर प्रत्येकासाठी बेसचा रेझिस्टर निवडत बसावं लागेल.

इथे बेसचा करंट मोजण्याचा मोह होतो आणि मुलं ५६०के च्या दोन टोकांवर मीटर लावतात. लावू नका. मीटरचा १ मेगओहम त्याला समांतर जोडला जातो, बेसला जास्त करंट मिळतो आणि तुम्ही मोजायला घेतलेली गोष्टच बदलते. कलेक्टरवर दुसरा मीटर असेल तर हे मुद्दाम करून बघा, आकडा झटकन खाली येतो. बेसचा करंट गणितानेच काढा.

मग उष्णता. मीटर कलेक्टरवर ठेवून ट्रान्झिस्टर चिमटीत धरा. तापमान वाढलं की बीटा वाढतो, आणि ठरावीक करंटसाठी बेस-एमिटरला लागणारं व्होल्टेज दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतं. फिक्स्ड बायसमध्ये बीटाची वाढ थेट कलेक्टरवर उमटते, आकडा हळूहळू उतरू लागतो. मे महिन्यात विदर्भात बसून हे करत असाल तर चिमटीने काही होणार नाही, खोलीच बोटांइतकी तापलेली असते. तापलेलं सोल्डरिंग आयर्न ट्रान्झिस्टरजवळ, न टेकवता, धरा.

प्रयोग ३: रेझिस्टर कलेक्टरवरून घ्या

बेसच्या रेझिस्टरचं वरचं टोक प्लसवरून काढून कलेक्टरला लावा आणि ५६०के च्या जागी २७०के घाला. बदल एवढाच. आता ट्रान्झिस्टर जास्त खेचू लागला की कलेक्टर खाली येतो, कलेक्टर खाली आला की बेसला मिळणारा करंट कमी होतो आणि ट्रान्झिस्टर आवरला जातो. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात.

तीन ट्रान्झिस्टर फिरवा. १५० ला सुमारे ६.० व्होल्ट, ३०० ला ४.६, ५०० ला ३.६. आधी ६.८ ते १.६ असा पसारा होता. आता कोणताही ट्रान्झिस्टर लावला तरी सर्किट चालतं, आणि तेही एकही भाग न वाढवता. मला हे सर्किट फार आवडतं. स्वस्त एफएम ट्रान्समीटर किटमधल्या माइकच्या स्टेजला हेच दिसतं. पण मध्यबिंदू अजून भटकतोच आहे.

प्रयोग ४: व्होल्टेज डिव्हायडर

इथे सावकाश जाऊ, कारण पुढचं सगळं याच सर्किटवर उभं आहे. प्लसपासून बेसला ४७के. बेसपासून मायनसला १०के. कलेक्टरपासून प्लसला ४.७के. एमिटरपासून मायनसला १के. रंग नीट बघा: ४७के पिवळा-जांभळा-नारिंगी, ४.७के पिवळा-जांभळा-लाल. संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये नारिंगी आणि लाल सारखेच दिसतात, म्हणून लावण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजा. लांब ब्रेडबोर्ड असेल तर कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या कधीकधी मध्ये तुटलेल्या असतात, तिथे जोडतार टाका.

विचार असा. दोन रेझिस्टर मिळून बेसला ९ × १० ÷ ५७, म्हणजे १.५८ व्होल्टवर धरतात. एमिटर त्याच्या ०.६५ खाली, सुमारे ०.९ व्होल्टवर. एमिटरखाली १के आहे, म्हणून करंट ०.९ मिलिअँपिअर. कलेक्टरमधूनही जवळजवळ तेवढाच जातो, ४.७के वर ४.२ व्होल्ट पडतात आणि कलेक्टरवर पावणेपाच उरतात. या हिशोबात बीटा कुठे आला? आलाच नाही. करंट रेझिस्टरांनी ठरवला.

ट्रान्झिस्टर फिरवा. १५० ला ४.८९ व्होल्ट, ३०० ला ४.७६, ५०० ला ४.७१. फिक्स्ड बायसमध्ये पाच व्होल्टांचा फरक होता तिथे आता ०.१८ चा आहे. माझ्या मते संपूर्ण विषयातलं सर्वांत महत्त्वाचं रीडिंग हेच, आणि ते स्वतःच्या हाताने घेतल्यावर 'स्टेबिलिटी' शब्दाची घोकंपट्टी करावी लागत नाही.

जो थोडासा फरक उरला तो बेसच्या करंटमुळे. डिव्हायडरमधून सुमारे १६० मायक्रोअँपिअर वाहतात आणि ३०० बीटाचा बेस त्यातून ३ मायक्रोअँपिअर उचलतो. उचल नगण्य राहावी म्हणून डिव्हायडरचा करंट बेसच्या करंटच्या किमान दहापट ठेवायचा, असा ठोकताळा आहे. ४७के आणि १०के च्या जागी ४७०के आणि १००के लावून बघितलेत तर डिव्हायडरचं गुणोत्तर तेच राहूनही तीन ट्रान्झिस्टरमधला फरक पुन्हा फुगलेला दिसेल.

एमिटरवर जवळपास १ व्होल्ट का सोडायचा, याचंही उत्तर उष्णतेत आहे. ट्रान्झिस्टर १० अंशांनी तापला तर बेस-एमिटरचं व्होल्टेज २० मिलिव्होल्टने उतरतं आणि तेवढंच एमिटरवर चढतं. ०.९ व्होल्टवर २० मिलिव्होल्ट म्हणजे दोन टक्के. एमिटरवर फक्त ०.१ व्होल्ट ठेवला असता तर तेच २० मिलिव्होल्ट वीस टक्के झाले असते. सोल्डरिंग आयर्न पुन्हा जवळ धरा, आकडा या वेळी जेमतेम हलतो.

प्रयोग ५: गेन, फक्त डीसी मीटरने

याच सर्किटवर ४७के ला समांतर ४७०के लावा आणि काढा, लावा आणि काढा. मीटर आधी बेसवर ठेवा: १.५५ चे साधारण १.६८ होतात, वाढ ०.१२-०.१३ व्होल्टची. आता कलेक्टरवर ठेवा: ४.७६ वरून ४.२ च्या आसपास येतं, घट सुमारे ०.५७. भागाकार ४.६ येतो, आणि ४.७के ला १के ने भागलं तर ४.७. एमिटरच्या रेझिस्टरला समांतर कपॅसिटर नसताना गेन म्हणजे कलेक्टरचा रेझिस्टर भागिले एमिटरचा रेझिस्टर, हे सूत्र तुम्ही आता मोजून पाहिलंत. बेस वर गेला तेव्हा कलेक्टर खाली आला, म्हणजे सिग्नल उलटतो हेही दिसलं. स्कोपच्या पडद्यावर बघायची १८० अंशांची फेज हीच.

व्होल्टेज बघून दोष ओळखा

पुढे जाण्याआधी सर्किट मुद्दाम बिघडवा. एक एक भाग उपटा, तीन व्होल्टेज वहीत लिहा, भाग परत लावा. दुरुस्तीचं काम करणारा माणूस नकाशा न बघता दोष सांगतो ते याच सवयीमुळे.

- ४७के उपटला: बेस शून्य, एमिटर शून्य, कलेक्टर पूर्ण ९.
- १०के उपटला: ट्रान्झिस्टर पूर्ण उघडतो, एमिटर आणि कलेक्टर दोन्ही १.७ च्या आसपास, जवळजवळ सारखे.
- एमिटरचा १के उपटला: बेस १.५८ वर ठीक दिसतो, पण कलेक्टर ९.
- कलेक्टरचा ४.७के उपटला: बेस ०.७५ पर्यंत कोसळतो, एमिटर आणि कलेक्टर ०.१ च्या जवळ. हा चकवणारा दोष आहे. बेस खाली दिसला म्हणून लोक डिव्हायडर तपासत बसतात.
- कलेक्टर-एमिटर उलटे लावले: ट्रान्झिस्टर उलटाही थोडा चालतो, पण बीटा अगदी कमी मिळतो. बेस दीडच्या बराच खाली दिसतो.

बेस आणि एमिटरमध्ये ०.८ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ट्रान्झिस्टर गेला आहे किंवा त्याचा पाय ब्रेडबोर्डमध्ये टेकलेला नाही. बीसी ५४७ चे पाय बारीक असतात, सैल झालेल्या ब्रेडबोर्डात नीट धरत नाहीत.

प्रयोग ६: माइक जोडा, कानाने ऐका

सर्वांत आधी प्लस आणि मायनसच्या पट्ट्यांवर १०० मायक्रोफॅरड लावा. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो आणि हा कपॅसिटर नसेल तर सर्किट भुकभुक आवाज करू लागतं.

कंडेन्सर माइकला दोन टोकं असतात. त्यातलं एक माइकच्या धातूच्या डबीला जोडलेलं दिसतं, ते मायनसला. दुसऱ्या टोकाला प्लसवरून १०के द्या, कारण माइकच्या आतही एक छोटा ट्रान्झिस्टर असतो आणि त्याला करंट लागतो. त्याच टोकापासून १० मायक्रोफॅरडमधून सिग्नल बेसला. या कपॅसिटरच्या ध्रुवतेकडे लक्ष द्या. माइकचं टोक साधारण चार ते सात व्होल्टवर असतं आणि बेस दीड व्होल्टवर, म्हणून प्लस पाय माइककडे, पट्टीचा पाय (कपॅसिटरच्या अंगावरच्या पट्टीकडचा, मायनसचा) बेसकडे. पुढे कधी माइकऐवजी मोबाइलचा आउटपुट जोडलात तर तिथलं डीसी शून्य असतं, तेव्हा कपॅसिटर उलटा फिरवावा लागतो. सूत्र पाठ करू नका, दोन्ही बाजूंचं व्होल्टेज मोजा आणि जिकडे जास्त तिकडे प्लस.

एमिटरच्या १के ला समांतर १०० मायक्रोफॅरड लावा, पट्टीचा पाय मायनसला. डीसीच्या दृष्टीने १के जागच्या जागी आहे, म्हणून बायस हलत नाही (मोजून खात्री करा). पण आवाजाच्या सिग्नलला १के चुकवून जाणारी वाट मिळाली. आता एमिटरमध्ये उरतो तो ट्रान्झिस्टरचा स्वतःचा रोध: २६ मिलिव्होल्ट भागिले कलेक्टरचा करंट, म्हणजे २६ ÷ ०.९, सुमारे २९ ओहम. गेन ४७०० ÷ २९, १६० च्या घरात. साडेचारचे एकशे साठ झाले, एका कपॅसिटरने.

इअरफोनची एक बाजू कलेक्टरवरून १०० मायक्रोफॅरडमधून जोडून ऐका. कपॅसिटरचा प्लस कलेक्टरकडे, इअरफोनचं दुसरं टोक मायनसला. जोडताना टक्क आवाज होतो, म्हणून आधी जोडा, मग कानात घाला. आवाज निराशाजनक, अगदी बारीक येईल. १६० गेन गेला कुठे? इअरफोन साधारण ३२ ओहमचा असतो. तो ४.७के ला समांतर आला, कलेक्टरला आता ३२ ओहमच दिसतात आणि ३२ ÷ २९ म्हणजे गेन एकच्या जरासा वर. व्होल्टेज वाढवण्याची ताकद आहे, करंट देण्याची नाही.

म्हणून दुसरा बीसी ५४७ घ्या. त्याचा बेस थेट पहिल्याच्या कलेक्टरला, त्याचा कलेक्टर थेट प्लसला, एमिटरपासून मायनसला १के. इअरफोन आता या एमिटरवरून १०० मायक्रोफॅरडमधून. याला एमिटर फॉलोअर म्हणतात. तो व्होल्टेज वाढवत नाही, पण कमी रोधाचा भार पेलतो. वेगळं बायसिंग लागलंच नाही हे बघा. पहिल्याचा कलेक्टर पावणेपाचवर होताच, दुसऱ्याचा एमिटर आपोआप चारच्या आसपास बसतो. पहिल्याचं बायसिंग डळमळीत असतं तर दुसराही सोबत डळमळला असता. आता इअरफोनपर्यंतचा गेन नव्वदच्या आसपास पोहोचतो. माइकजवळ घड्याळ ठेवा, टिकटिक ऐकू येईल. माइक इअरफोनजवळ नेलात तर शिट्टी वाजेल, सभागृहात स्पीकरसमोर माइक आल्यावर वाजते तीच.

हे चालू असताना तीन गोष्टी करा. एमिटरचा १०० मायक्रोफॅरड काढा: आवाज एकदम पडतो, पण स्वच्छ होतो. परत लावून माइकजवळ मोठ्याने बोला: आवाज फाटतो. २९ ओहम हा रोध करंटनुसार बदलत असतो, त्यामुळे बेसवर १० मिलिव्होल्टच्या शिखराचा सिग्नल आला तरी सुमारे दहा टक्के विकृती येते. जास्त गेन म्हणजे चांगला अँम्प्लिफायर, हा समज इथे कानानेच जातो.

तिसरं, १०० च्या जागी १० मायक्रोफॅरड लावा. बोलणं ऐकू येतं, पण पातळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. बरेच जण हा कपॅसिटर १के धरून निवडतात आणि १० पुरेसा आहे असं उत्तर काढतात. पण कपॅसिटरला समोर दिसतो तो १के नाही, २९ ओहम. १० मायक्रोफॅरडला कटऑफ साडेपाचशे हर्ट्झच्या आसपास येतो आणि पुरुषाच्या आवाजातला सगळा खर्ज गळतो. १०० ला तो ५५ हर्ट्झ.

आता स्वतःचं डिझाइन

चार पेन्सिल सेल, म्हणजे ६ व्होल्ट घ्या. करंट १ मिलिअँपिअर ठरवा. एमिटरवर १ व्होल्ट हवा, म्हणून १के. कलेक्टरला खाली एमिटरच्या थोडं वर, १.२ पर्यंत, आणि वर ६ पर्यंत जागा आहे. मध्य ३.६, म्हणजे २.४ व्होल्ट रेझिस्टरवर, म्हणून २.४के. सहज मिळतो तो २.२के घ्या. बेस १.६५ वर. सर्वांत वाईट ट्रान्झिस्टर ११० बीटाचा धरला तर बेसला ९ मायक्रोअँपिअर लागतील, म्हणून डिव्हायडरमधून शंभरएक मायक्रोअँपिअर सोडा: खाली १५के, वर ३९के.

जोडण्याआधी ११० आणि ५०० बीटासाठी कलेक्टरचं व्होल्टेज कागदावर काढा. ११० ला ३.९८ आणि ५०० ला ३.८१ यायला हवेत. मग जोडा आणि खुणा केलेले तिन्ही ट्रान्झिस्टर एकेक करून लावा. आकडे यापासून दोन-तीन दशांशांपेक्षा जास्त लांब गेले तर आधी सेलचं व्होल्टेज मोजा, नंतर चारही रेझिस्टर. ट्रान्झिस्टरवर संशय सगळ्यात शेवटी घ्या.